वाचकांचे प्रश्न : काळ्या कातळाचे वय

‘सह्याद्रीचा बेसाल्ट साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांचा आहे’ हे गेल्या अंकातले एक वाक्य. बेसाल्ट म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा कातळ. त्यावर बरीच पत्रे आली. वय काढण्याची पद्धत, रासायनिक पृथक्करण आणि त्यात होणाऱ्या चुका यांविषयीची निवडक पत्रे इथे घेतली आहेत.

हा 6 कोटी 60 लाखांचा आकडा मोजतात कसा? आठवीच्या मुलांना कसे सांगू? (एक शिक्षिका, वाई)

बेसाल्टात थोडे पोटॅशियम असते. त्याच्या दर दहा हजार अणूंत जेमतेम एक अणू पोटॅशियम-40 हा किरणोत्सारी समस्थानिक, म्हणजे आपोआप क्षय पावून दुसऱ्या मूलद्रव्यात बदलणारा प्रकार, असतो. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, सुमारे 125 कोटी वर्षे. क्षय पावणाऱ्या शंभर अणूंपैकी 89 अणूंचे कॅल्शियम-40 होते आणि उरलेल्या 11 अणूंचे आर्गॉन-40. कॅल्शियम दगडात मुळातच भरपूर, त्यामुळे नव्याने पडलेली भर ओळखता येत नाही. आर्गॉन मात्र वायू आहे. लाव्हा वितळलेला असतो तोवर तो निसटून जातो. लाव्हा थिजल्यावर जो तयार होतो तो स्फटिकांच्या जाळीत अडकून पडतो. घड्याळ सुरू होते ते त्या क्षणापासून.

आता प्रमाण बघा. लाव्हा थिजला तेव्हा पोटॅशियम-40 चे 1,000 अणू होते असे धरा. 6 कोटी 60 लाख वर्षांत त्यांतले सुमारे 36 क्षय पावले आणि त्यांतून आर्गॉनचे अणू झाले फक्त चार. सह्याद्रीच्या बेसाल्टात पोटॅशियम ऑक्साइड बरेचदा 0.3 टक्क्यांच्या आसपासच असते. म्हणजे एक ग्रॅम दगडात इतक्या काळात साठलेला आर्गॉन होतो अंदाजे 0.00065 घन मिलिमीटर. खसखशीच्या एका दाण्याएवढ्या हवेत याहून जास्त आर्गॉन असतो. या कामातल्या निम्म्या अडचणींचे मूळ या एका तुलनेत आहे. उपकरणात हवेचा अंश राहिला, दगडाच्या भेगेत हवा अडकली, की मोजायची वस्तू तिच्याखाली दबून जाते. हवेतल्या आर्गॉनमध्ये आर्गॉन-40 आणि आर्गॉन-36 यांचे गुणोत्तर ठरलेले आहे, सुमारे 298.6. आर्गॉन-36 मोजून हवेचा वाटा वजा करतात. पण हवेचा वाटा जितका मोठा तितकी उत्तरातली अनिश्चितता मोठी.

हल्ली पोटॅशियम वेगळे मोजत नाहीत. नमुना अणुभट्टीत ठेवून त्यावर वेगवान न्यूट्रॉनांचा मारा करतात. त्याने पोटॅशियम-39 च्या काही अणूंचे आर्गॉन-39 होते. मग एकाच नमुन्यातून, एकाच मास स्पेक्ट्रोमीटरवर (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर), दोन्ही आर्गॉनचे गुणोत्तर मिळते. यालाच आर्गॉन-आर्गॉन पद्धत म्हणतात. आयआयटी मुंबईत या कामाची राष्ट्रीय सुविधा आहे, आणि तिथले नमुने तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत किरणित केले जातात.

मुलांसाठी वाळूच्या घड्याळापेक्षा नाण्यांचा खेळ बरा. शंभर नाणी एकदम उधळा, छापा पडलेली बाजूला काढा, उरलेली पुन्हा उधळा. दर फेरीत उरलेल्यांपैकी जवळपास निम्मी जातात. कोणते नाणे कधी जाईल हे सांगता येत नाही, पण किती उरतील ते सांगता येते. वाळू एकाच वेगाने पडते. अणूंचे तसे नसते, आणि नाण्यांच्या खेळात हा फरक मुलांना आपोआप दिसतो.

घाटातून नमुने घ्यायचे आहेत. किती, कुठून आणि कोणती काळजी घेऊन? (एम.एस्सी. भूशास्त्र, कोल्हापूर)

लाव्हाच्या थराचा मधला, घट्ट, स्तंभाकार भेगांचा भाग निवडा. थराचा माथा सच्छिद्र असतो आणि तळाशी नळीसारख्या पोकळ्या असतात. या दोन्ही ठिकाणी नंतरच्या पाण्याने झिओलाइट, गारगोटी, कॅल्साइट भरून ठेवलेले असते. पोकळीच्या आत हिरवट मातीसारखे अस्तर दिसले तर तो दगड वयासाठी घेऊच नका. ते सेलाडोनाइट. त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि ते लाव्हा थिजल्यानंतर कधीतरी तयार झालेले असते. भुकटीत त्याचे चार कण गेले तरी बेसाल्टच्या तुटपुंज्या पोटॅशियमवर त्यांची मात होते आणि वय कमी दिसते.

घणाने बाहेरची तांबूस, मुरमाड साल पूर्ण काढा. आतला दगड काळा-करडा, फोडल्यावर खणखणीत वाजणारा हवा. वय आणि रसायन दोन्हींसाठी मिळून 3 ते 4 किलो घ्या आणि तिथल्या तिथे अंड्याएवढे तुकडे करून शिरा असलेले तुकडे फेकून द्या. जागेचे अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, खालून कितवा थर आणि वरखाली लाल बोलचा (दोन लाव्हांमधल्या लाल मातीचा) थर आहे का, एवढे वहीत हवेच. पुराचुंबकत्वासाठीही (दगडात गोठलेली जुनी चुंबकीय दिशा मोजण्यासाठी) नमुना घेणार असाल तर दगड सुटा करण्याआधी त्यावर दिशा आखून घ्या. नंतर ते शक्य नाही. जागा अभयारण्यात येत असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी काढा.

एक चूक फार जण करतात. नमुन्यावर क्रमांक घालायला पांढरा रंग किंवा टायपिंगची चूक झाकायचा पांढरा द्रव वापरतात. त्यातला पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो, आणि टायटॅनियम हाच दख्खनचे, म्हणजे सह्याद्रीच्या या लाव्हाचे, थर ओळखायचा एक मुख्य आधार आहे. क्रमांक पिशवीवर लिहा, दगडावर नको.

कोणतीही भुकटी करण्याआधी पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. प्लॅजिओक्लेज हे बेसाल्टातले फिकट खनिज स्वच्छ आहे की ढगाळ, स्फटिकांमधल्या काचेची माती झाली आहे का, हे 0.03 मिलिमीटर जाडीच्या छेदात लगेच कळते. दहातले सहा नमुने इथेच बाद झाले तर वाईट वाटून घेऊ नका. पुढचा खर्च वाचला.

एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्रावर) माझ्या बेसाल्टच्या ऑक्साइडांची बेरीज 98.2 टक्के येते आणि जळित-घट (एलओआय) चक्क उणे 0.5 येते. तापवल्यावर दगडाचे वजन वाढेल कसे? (संशोधक विद्यार्थी, नांदेड)

वजन खरोखरच वाढते. बेसाल्टातले बरेचसे लोह फेरस रूपात असते. 950 अंश सेल्सिअसला तासभर तापवल्यावर ते हवेतला ऑक्सिजन घेऊन फेरिक होते. 1 ग्रॅम फेरस ऑक्साइडचे 1.11 ग्रॅम फेरिक ऑक्साइड होते. तुमच्या दगडात फेरस ऑक्साइड 10 टक्के असेल तर वजन 1.1 टक्क्याने वाढेल. त्याच वेळी 0.6 टक्के पाणी उडाले तर निव्वळ घट उणे 0.5. ताज्या दगडाची ही चांगली खूण आहे. उलट घट अधिक 2 किंवा 3 टक्के आली असती तर काळजीचे कारण होते, कारण इतके पाणी म्हणजे दगड मुरू लागला आहे.

आता बेरीज. बहुधा तुम्ही एकूण लोह फेरस ऑक्साइड म्हणून मांडले आहे आणि घट मात्र तापवल्यानंतरची, म्हणजे लोह फेरिक झाल्यानंतरची घेतली आहे. एकूण लोह फेरिक म्हणून 13.5 टक्के असेल तर फेरस म्हणून ते 12.15 दिसते. 1.35 टक्के तिथेच गेले. जळित-घट मांडायची असेल तर लोहही फेरिक रूपातच मांडा. दगडाला नाव देण्यासाठी सिलिका विरुद्ध एकूण अल्कली असा आलेख काढताना मग घट वगळून बाकीचे 100 वर आणा. त्या आलेखात बेसाल्ट आणि बेसाल्टिक अँडेसाइट यांची सीमा 52 टक्के सिलिकावर आहे. ही पायरी गाळली की सीमेजवळचे नमुने भलत्याच चौकटीत पडतात.

हे करूनही बेरीज कमी राहिली तर मणी, म्हणजे वितळवून केलेली काचेची चकती, कशी केली ते तपासा. भुकटी 105 ते 110 अंशांवर दोन तास वाळवून डेसिकेटरमध्ये, म्हणजे कोरड्या हवेच्या बंद पात्रात, थंड केली होती का? मणी कच्च्या भुकटीचा की तापवलेल्या? तापवलेल्या भुकटीचा असेल तर ऑक्साइडांची बेरीज घट न मिळवताच 100 जवळ यायला हवी. चकती भांड्याला चिकटू नये म्हणून लिथियम ब्रोमाइड टाकले असेल तर जपून, कारण ब्रोमीनची एक क्ष-किरण रेषा बरोबर ॲल्युमिनियमच्या रेषेवर येते आणि ॲल्युमिना फुगलेले दिसते.

आणखी एक. जबड्याच्या क्रशरमधून पोलादाचा चुरा भुकटीत येतो आणि धातुरूप लोह प्लॅटिनमच्या मुशीला भोक पाडते. म्हणून काही जण भुकटीवर लोहचुंबक फिरवतात. हे बेसाल्टबाबत कधीही करू नका. चुंबकाला पोलादाबरोबर दगडातले मॅग्नेटाइटही चिकटते, आणि लोह व टायटॅनियम दोन्ही कमी भरतात. त्याऐवजी मिश्रणात थोडे लिथियम नायट्रेट घाला आणि वितळवण्याआधी कमी तापमानावर त्याला ऑक्सिडीकरणाला वेळ द्या. बारीक दळण्यासाठी टंगस्टन कार्बाइडचे भांडे वापरले असेल तर टंगस्टन, कोबाल्ट आणि टँटलम यांचे आकडे सोडून द्या. अगेटचे भांडे हळू चालते, पण त्यातून फक्त सिलिका येते, तीही नगण्य.

सूक्ष्म प्रमाणातल्या मूलद्रव्यांसाठी आयसीपी-एमएसकडे (दगड आम्लात विरघळवून मोजणाऱ्या यंत्राकडे) जाल तेव्हा हायड्रोफ्लुओरिक आम्लाशी गाठ आहे. हे आम्ल भाजल्यासारखे लगेच जाणवतेच असे नाही. आत मात्र हाडापर्यंत पोचते. कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी नसेल तर बाटली उघडायचीच नाही. विद्रावणानंतर बाष्पीभवन करून नायट्रिक आम्ल किमान दोनदा घालून पुन्हा आटवा, नाहीतर न विरघळलेले फ्लुओराइड तळाशी राहून विरल मृदा मूलद्रव्ये कमी येतात. प्रत्येक तुकडीत एक कोरा नमुना आणि बीएचव्हीओ-2 सारखा प्रमाणित बेसाल्ट हवा. त्याचे आकडे जुळले नाहीत तर तुमचेही आकडे प्रबंधात घालू नका.

खाणीतला प्रत्येक दगड काळाच. मग ‘हा आंबेनळी, तो बुशे’ असे वेगवेगळे थर तुम्ही ओळखता कसे? (दगडखाण व्यावसायिक, पुणे जिल्हा)

नुसत्या डोळ्यांनी क्वचितच. काही ठिकाणी मोठ्या, बोटभर लांब प्लॅजिओक्लेजचे थर खुणेसारखे लागतात. कसारा घाटात असा एक प्रसिद्ध थर आहे. बाकी सारी ओळख रसायनावर. पश्चिम घाटाचे थर खालून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशा नावांनी मांडले आहेत. आपल्या गावांची आणि घाटांची ही नावे आज जगभरच्या शोधनिबंधांत जशीच्या तशी येतात.

सर्वांत बोलकी खूण म्हणजे स्ट्रॉन्शियम-87 आणि स्ट्रॉन्शियम-86 यांचे गुणोत्तर. आंबेनळीत ते 0.704 च्या आसपास, बुशेत 0.713 च्या वर. फरक तिसऱ्या दशांश स्थानावर वाटतो, पण यंत्र पाचव्या स्थानापर्यंत विश्वासाने मोजते. स्ट्रॉन्शियम-87 हे रुबिडियम-87 च्या क्षयातून वाढते. मग बुशे जास्त जुना म्हणून गुणोत्तर मोठे का? नाही. हिशेब करून बघा: दहा लाखांत 10 भाग रुबिडियम आणि 220 भाग स्ट्रॉन्शियम असलेल्या बेसाल्टात 6 कोटी 60 लाख वर्षांत गुणोत्तर वाढते फक्त 0.00012 ने. 0.009 चा फरक त्यातून येणे अशक्य. तो आला वर चढताना लाव्हाने पचवलेल्या अतिप्राचीन ग्रॅनाइटी कवचातून. त्यात रुबिडियम भरपूर, आणि क्षयाला अब्जावधी वर्षे मिळालेली. बुशेत सिलिका जास्त असते, तेही याच कारणाने. आंबेनळीचा लाव्हा मात्र वाटेत जवळपास काही न पचवता वर आला.

यातच एक सापळा आहे. असे कमी-जास्त मिसळलेले नमुने रुबिडियम-स्ट्रॉन्शियमच्या आलेखावर मांडले तर सुरेख सरळ रेषा मिळू शकते, आणि तिच्या उतारावरून शेकडो कोटी वर्षांचे ‘वय’ निघते. ती रेषा मिश्रणाची असते, वयाची नाही. पडताळा सोपा आहे: हेच गुणोत्तर एक भागिले स्ट्रॉन्शियम अशा आलेखावर मांडा. तिथेही सरळ रेषा आली तर मिश्रणाचा संशय पक्का धरा.

प्रयोगशाळेकडून आलेला वयाचा आलेख पायऱ्यांसारखा चढत गेला आहे. मधला आकडा घेऊ का? शिवाय जुन्या निबंधात 65.0 आणि नव्यात 65.4 दशलक्ष वर्षे असे का? (प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर)

मधला आकडा घेऊ नका. नमुना टप्प्याटप्प्याने तापवून प्रत्येक टप्प्यातल्या वायूचे वय काढतात. दगड शाबूत असेल तर लागोपाठच्या टप्प्यांची वये सारखी येऊन पठार दिसते. सर्वसाधारण संकेत असा की लागोपाठ किमान तीन टप्पे, त्यांत एकूण आर्गॉन-39 पैकी निम्म्याहून अधिक, आणि वये त्रुटींच्या मर्यादेत एकमेकांशी जुळणारी. कमी तापमानाला कमी वय आणि मग चढण दिसली तर कडेकडेने आर्गॉन गळाला आहे. उलटी, उतरती पायरी दिसली तर संशय आर्गॉन-39 च्या उसळीवर: अणुभट्टीत हा अणू जन्मताना सुमारे एक दशांश मायक्रॉन फेकला जातो, आणि अतिसूक्ष्म कणांच्या दगडात एका खनिजातून दुसऱ्यात किंवा थेट बाहेर जातो. घोड्याच्या खोगिरासारखा, दोन्ही टोकांना वर आणि मध्ये खाली असा आलेख आला तर बहुधा बाहेरून आलेला जादा आर्गॉन आहे. तिथे खोगिराचा तळसुद्धा फार तर कमाल मर्यादा सांगतो.

शक्य असेल तर अख्ख्या दगडाऐवजी प्लॅजिओक्लेज वेगळा करून पुन्हा पाठवा. चाळा, चुंबकीय विभाजकातून काढा, सौम्य हायड्रोफ्लुओरिकमध्ये ध्वनिलहरींच्या टाकीत काही मिनिटे धुवा आणि भिंगाखाली स्वच्छ कण एकेक करून निवडा. डोळे दुखतात, पण या निवडीचे फळ मिळते.

65.0 आणि 65.4 मधला फरक दगडाचा नाही, मापदंडाचा आहे. प्रत्येक नमुन्याबरोबर वय माहीत असलेले खनिज किरणित करतात. फिश कॅनियन सॅनिडीन या खनिजाचे वय पूर्वी 28.02 दशलक्ष वर्षे धरत, 2008 नंतर 28.201 धरू लागले. हा 0.65 टक्क्यांचा बदल दख्खनच्या वयात चार लाख वर्षांहून अधिक फरक पाडतो. दख्खनचा मुख्य उद्रेकच मुळी दहा लाख वर्षांच्या आत आटोपला, त्यामुळे इथे चार लाख वर्षे ही फार मोठी रक्कम आहे. दोन निबंधांतली वये शेजारी ठेवण्याआधी दोन्हींचा मापदंड बघा आणि जुने वय नव्यावर आणा.

डायनासोर दख्खनच्या लाव्हाने मेले की अशनीने? वये इतकी अचूक असतील तर वाद का मिटत नाही? (वाचक, ठाणे)

वये अचूक आहेत म्हणूनच वाद इतका टोकदार झाला. फेब्रुवारी 2019 मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. ब्लेअर शोएन यांच्या गटाने लाल बोलमधून मिळालेले झिरकॉन, म्हणजे युरेनियम असलेल्या एका खनिजाचे कण, युरेनियम-शिसे पद्धतीने मोजले. त्यांच्या मते उद्रेक चार मोठ्या लाटांत झाला आणि त्यांतली एक लाट अशनी आदळण्याच्या काही दशसहस्र वर्षे आधी सुरू झाली. कोर्टनी स्प्रेन आणि पॉल रेने यांच्या गटाने प्लॅजिओक्लेजवर आर्गॉन पद्धत वापरली. त्यांना लाव्हा बराचसा सलग वाहिलेला दिसला आणि त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग आघातानंतरचा निघाला.

बेसाल्टात झिरकॉन सहसा नसतोच. लाल बोलमध्ये तो बहुधा ज्वालामुखीच्या राखेतून येऊन पडतो, आणि हे कण वरचा थर येण्याआधी नेमके कधी पडले हा प्रश्न उरतो. आर्गॉनची पद्धत थेट लाव्हाच्याच दगडावर चालते, पण पोटॅशियम कमी असल्याने तिची त्रुटी मोठी. म्हणून खरा वाद आहे तो 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या आघाताची रेघ सह्याद्रीच्या थरांत कुठे ओढायची यावर. स्प्रेन यांचा गट ती बुशे आणि पोलादपूर यांच्या संधीजवळ ठेवतो. शोएन यांच्या मांडणीत पोलादपूरची लाट आघाताआधीच सुरू झालेली असते.

अजिंठ्याच्या लेण्यांचे वय दगडावरून काढता येईल का? (वाचक, जळगाव)

नाही. दगडाचे वय म्हणजे लाव्हा थिजल्याचे वय. छिन्नीने ते घड्याळ बदलत नाही. कार्बन-14 दगडाला लागू नाही, कारण बेसाल्टात सजीवांचा कार्बन नसतो. भित्तिचित्रांखालच्या गिलाव्यात मिसळलेले तूस आणि वनस्पतींचे तंतू मात्र त्या पद्धतीने तपासता येतात.

लोणारच्या विवराचे वय कुठे 52 हजार वर्षे वाचतो, कुठे 5 लाख 70 हजार. खरे कोणते? (वाचक, बुलढाणा)

52 हजारांचा आकडा अशनीच्या आघाताने झालेल्या काचेच्या तापदीप्तीवरून 1990 च्या दशकात आला. 5 लाख 70 हजार, अधिक-उणे 47 हजार, हा आकडा 2011 साली आघाताने वितळलेल्या खडकावर आर्गॉन पद्धतीने मिळाला. आम्ही दुसरा आकडा धरतो. कारण सांगतो.

तापदीप्ती म्हणजे खनिजात साठत गेलेली किरणोत्साराची ऊर्जा तापवल्यावर प्रकाशरूपाने बाहेर पडणे. ही साठवण अमर्याद नसते. ठरावीक मर्यादेनंतर टाकी भरते, आणि काही खनिजांतून ती हळूहळू गळतही राहते. दोन्ही कारणांनी वय प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. आर्गॉनची अडचण नेमकी उलटी आहे. आघाताने दगड क्षणभर वितळला, पण 6 कोटी वर्षांचा जुना आर्गॉन त्यातून पूर्ण बाहेर पडलाच असे नाही. तो राहिला तर वय जास्त दिसते. म्हणून तिथे नुसत्या पठारावर विसंबत नाहीत. सगळे टप्पे समकालरेषेवर (आर्गॉनच्या गुणोत्तरांच्या आलेखातल्या एकाच वयाच्या रेषेवर) मांडून सुरुवातीच्या आर्गॉनचे गुणोत्तर 298.6 होते असे न धरता ते रेषेवरूनच काढतात. लोणारच्या आकड्यात ही दुरुस्ती केलेली आहे. अधिक-उणे 47 हजारांची मोठी त्रुटी आली तीही त्यामुळे आणि वितळलेल्या बेसाल्टातल्या कमी पोटॅशियममुळे.